पेट्रोल भरलं, इंजिनचा दिवा लागला आणि गॅरेजवाल्याने 24,450 रुपयांना बुडवलं

राग अजून ओसरलेला नाही. 24,450 रुपये गेले, शिवाय टाकीतलं 35 लिटर पेट्रोल गेलं. बिघाड होता एका हाताएवढ्याही नसलेल्या व्हॉल्व्हचा.

पंपावर टाकी फुल करायला सांगितली. नोझल आपोआप बंद झालं, तरी पोऱ्याने राउंड फिगरसाठी आणखी दोन-तीनदा दाबलं. मी गप्प बसलो. नंतर गाडी सुरू व्हायला तीनदा चावी फिरवावी लागली, पेट्रोलचा वास आला आणि पाच किलोमीटरवर पिवळा चेक इंजिनचा दिवा लागला. स्थिर होता, लुकलुकत नव्हता. लुकलुकत असेल तर गाडी लगेच थांबवा, मिसफायरने, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटल्याने, धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळू शकतो. स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल तर घाबरून पहिल्या दिसलेल्या गॅरेजात शिरू नका. मी मात्र तसाच शिरलो, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी आईला तपासणीला न्यायचं होतं. गाडी हवीच होती.

गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, स्क्रीन स्वतःकडे वळवली आणि म्हणाला, "साहेब, पेट्रोलमध्ये पाणी आहे. टाकी उतरवावी लागेल. इंधन पंप गेला, सेन्सरपण गेला." कोड विचारला तर म्हणाला, "बरेच आहेत." कोड म्हणजे इंजिनातला बिघाड सांगणारा, P ने सुरू होणारा आकडा. तो बघितल्याशिवाय, फोटो काढल्याशिवाय कोणालाही तो पुसू देऊ नका. त्याने पुसला. त्याबरोबर बिघाडाच्या क्षणी इंजिनची स्थिती काय होती ती साठवलेली माहितीही गेली.

मी तावातावाने पंपावर भांडायला गेलो. तिथल्या मॅनेजरने माझ्यासमोर मोजपट्टीला पाणी ओळखायची पेस्ट लावून साठ्याच्या टाकीत सोडली. रंग बदलला नाही. फिल्टर पेपरवर थेंब टाकला, डाग राहिला नाही. मला वाटलं, हे सगळे एकमेकांना सांभाळून घेतात. तो माणूस खरं बोलत होता.

आणि आता ती गोष्ट, जी आठवली की रात्री झोप येत नाही. मी गॅरेजात परतलो तेव्हा माझं "खराब" पेट्रोल कॅनमध्ये काढून ठेवलं होतं. तिथला मुलगा त्यातलंच फनेलने स्वतःच्या मोटारसायकलीत ओतत होता. त्याने किक मारली, गाडी लगेच सुरू झाली. माझ्या डोळ्यांसमोर! पाणी असलेलं पेट्रोल कोणी स्वतःच्या गाडीत घालतं का? मी बघितलं आणि तरी विचारलं नाही. गाडीची टाकी खाली उतरलेली, सहा वाजून गेलेले, उद्या आईला न्यायचंय, डोक्यात एवढंच. कोणीही असता तर त्या वेळी पैसेच मोजले असते.

बिल वहीच्या पानावर: स्कॅनिंग 700, टाकी साफ करणं 3,800, इंधन पंप 9,200, ऑक्सिजन सेन्सर 6,450, इंजेक्टर क्लीनिंग 2,400, मजुरी 1,900. जीएसटी क्रमांक नाही. जुने पार्ट मागितले तर "भंगारात गेले."

अकराव्या दिवशी टाकी पुन्हा फुल केली आणि दिवा पुन्हा लागला. या वेळी दुसऱ्याकडे गेलो. त्याने कोड मला दाखवला, P0496. टाकीतल्या पेट्रोलची वाफ कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये, म्हणजे डब्यात, साठते आणि पर्ज व्हॉल्व्ह उघडला की इंजिनात जाते. माझा व्हॉल्व्ह उघडाच अडकला होता. त्याने व्हॉल्व्हचा विजेचा कनेक्टर काढला, कॅनिस्टरकडचा पाइप सोडवला, तरी व्हॉल्व्हच्या तोंडावर ठेवलेलं बोट ओढलं जात होतं. बंद असायला हवा होता तो. पेट्रोल भरल्यावर ती सगळी वाफ इंजिनात शिरते, म्हणून गाडी पटकन सुरू होत नाही. नोझल बंद झाल्यावर जबरदस्तीने भरलं की वाफेऐवजी द्रव पेट्रोलच कॅनिस्टरमध्ये जातं, तेही वाईट. 1,350 चा पार्ट आणि 200 मजुरी. तेव्हापासून दिवा लागलेला नाही.

दिवा लागला तर आधी पेट्रोलचं झाकण टकटक आवाज येईपर्यंत फिरवून बघा. काही गाड्यांत तेवढ्यानेही दिवा लागतो आणि घट्ट केल्यावर काही फेऱ्यांनी आपोआप जातो.

पोलीस चौकीत गेलो. "ही दिवाणी बाब आहे, ग्राहकवाल्यांकडे जा." तक्रार लिहून घ्यायलाही तयार नव्हते. ग्राहक तक्रार केंद्रात दुसऱ्या मेकॅनिकचा लेखी अहवाल मागितला. तो नेला तर म्हणाले, शिक्का नाही. शिक्का मारून नेला तर म्हणाले, पक्कं बिल कुठे? अहो, पक्कं बिल दिलं नाही हीच तर माझी तक्रार आहे! चार चकरा, चार अर्ध्या रजा. तिथल्या बाई शेवटी म्हणाल्या, "तुम्ही शिकलेले दिसता, तेव्हा बघायला नको होतं का?" चोराला विचारायचा प्रश्न त्या मला विचारत होत्या. पैसे मी रोख दिले होते, त्याचाही ठपका माझ्यावरच. तुम्ही रोख देऊ नका. खात्यातून गेलेल्या पैशांची निदान नोंद राहते.

आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, ऑनलाइनही दाखल करता येतं, हे मला त्या चार चकरांत कोणी सांगितलं नाही. वहीचं ते पान, P0496 चा फोटो आणि काढलेला व्हॉल्व्ह असं सगळं एका पिशवीत भरून ठेवलंय.