बडोद्यातलं खासगी समुपदेशन: पैसे भरण्याआधी

दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या मराठी माणसाला पहिली अडचण येते भाषेची. गुजराती रोजच्या व्यवहाराला पुरते, पण 'हुरहूर' किंवा 'कोंडमारा' सांगताना गाडी अडते. म्हणून मराठी चालेल का, हे फोनवरच विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. खरा असेल तो चिडत नाही.

पहिली बैठक साधारण ४५ ते ५० मिनिटांची, आणि त्यातली निम्मी चौकशीतच जाते: झोप, भूक, चालू औषधं, घरात कुणाला असा त्रास होता का. मन हलकं होईल या आशेने गेलेले इथेच हिरमुसतात. काही ठिकाणी पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली भरून घेतात: गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे नऊ प्रश्न, ० ते २७ गुण. तो आकडा म्हणजे निदान नव्हे. संमतीपत्रात गुप्तता कधी मोडली जाईल (जिवाला धोका असेल तेव्हा) हे नसेल, तर सही करू नका.

गोळ्या डॉक्टरच लिहून देतात, सहसा मानसोपचारतज्ज्ञ; समुपदेशक नाही. पहिल्याच दिवशी 'लग्न करून टाका' छापाचा सल्ला मिळाला, तर फी गेली समजा. बाहेरच्या खोलीत आतलं बोलणं ऐकू येतं का, तेही पाहा. बाकावर शेजारच्या काकू बसलेल्या असू शकतात.