वजनाचं पांघरूण: काट्यावर आणि नातवावर तोलून

नातवासाठी वजनाचं पांघरूण मागवलं, म्हणजे अंगावर दाब यावा म्हणून आत बारीक मणी भरून मुद्दाम जड केलेलं. पिशवीवर छापलं होतं २.३ किलो. आमच्याकडे प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा आहे, त्याला पांघरूण बांधून लटकवलं तर भरलं १.९. काट्यातच खोट नको म्हणून पाच किलो आट्याची सीलबंद पिशवी लावून पाहिली, ती चोख निघाली. माझी उभी नोकरी वीज मंडळात मीटर तपासण्यात झाली, छापील आकड्यावर डोळे मिटून भरवसा ठेवणं आता या वयात जमायचं नाही. विक्रेत्याला काट्याचा फोटो पाठवला. उत्तर आलं, "वजनात थोडाफार फरक पडू शकतो." चारशे ग्रॅम थोडेफार असतील तर वजनाचं पांघरूण म्हणून विकता कशाला? अडीच हजारांच्या वर मोजले होते मी.

तरी परत केलं नाही. ते का, हे सांगण्यासाठीच एवढं लिहितोय.

नातू सात वर्षांचा आहे. शर्टाच्या मानेमागचं लेबल, मोज्यात बोटांवर येणारी शिवण, मिक्सरचा आवाज, यातलं काहीही त्याला रडवू शकतं. आणि हाच पोरगा गादी आणि भिंतीच्या फटीत स्वतःला कोंबून घेतो, सोफ्याच्या सगळ्या उशा अंगावर रचायला लावतो, आजीला म्हणतो, "दाब ना, अजून जोरात." त्याच्या थेरपिस्ट बेननी आम्हाला समजावलं की स्नायू आणि सांध्यांतून मेंदूला जी खबर मिळते (प्रोप्रिओसेप्शन म्हणतात तिला) ती त्याला पुरेशी पोचत नाही, म्हणून तो दाब मागून घेतो. ही मांडणी मूळची जीन आयर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाईंची. डॉक्टर मंडळी जरा हात राखून बोलतात. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ मध्ये (मानसिक विकारांच्या निदानाची अमेरिकन पुस्तिका) ऑटिझमच्या लक्षणांत संवेदनांच्या तक्रारी धरल्या आहेत, पण स्वतंत्र निदान म्हणून त्यांना जागा दिलेली नाही. नातवाला ऑटिझम नाही असं आमच्या डॉक्टरांचं मत. म्हणजे कागदावर नाव नाही आणि घरात त्रास आहे. "लाडावून ठेवलाय" हे तर इतक्यांदा ऐकलंय की त्यावर लिहायला बसलो तर पांघरूण बाजूलाच राहील.

पांघरूण घ्यायचं ठरलं तेव्हा पहिला विरोध घरातूनच. "कपाट भरून गोधड्या आहेत, त्या काय कमी जड आहेत?" हे नातवाच्या आजीचं म्हणणं. मुद्दा बिनतोड होता. जुन्या नऊवारी लुगड्यांची एक मोठी गोधडी आहे, ती काट्याला लावली, २.४ किलो. विकतच्यापेक्षा जास्त! डिसेंबर-जानेवारीत त्याच गोधडीने काम भागलं आणि फुकटात भागलं. तुमच्याकडे जुनी, भरपूर टाक्यांची गोधडी असेल तर हिवाळ्यात एक रुपयाही खर्च करू नका, हा माझा पहिला सल्ला.

घोडं अडतं होळीनंतर. गोधडीचं वजन येतं कापडाच्या थरांतून, आणि थर म्हटले की ऊब आलीच. बडोद्याचा उन्हाळा चाळीस अंशांच्या पुढे जातो, त्यात रात्री गोधडी अंगावर घेणार कोण? विकतच्या पांघरुणात काचेचे बारीक, रव्यासारखे मणी असतात. काच पाण्याच्या अडीचपट जड, त्यामुळे एवढ्याशा जाडीत वजन बसतं. ऊब न वाढवता वजन, एवढ्या एकाच गोष्टीचे पैसे आपण मोजतो. काही स्वस्त मालात प्लास्टिकचे दाणे असतात. ते हलके, म्हणून तेवढ्याच वजनाला जास्त भरावे लागतात आणि पांघरूण फुगतं. घरी तांदूळ किंवा मूग भरून शिवणारेही आहेत. आमच्याकडच्या पावसाळ्यात त्यात किडे होतील आणि धुता तर येणारच नाही.

आता कंपनीने काय केलंय बघा. ऊब टाळायला आत काच भरली आणि वरून चढवलं पॉलिएस्टरचं मखमली कापड, त्यावर उठावाचे ठिपके! मुलांसाठी म्हणे. नातवाने एका बोटाने ठिपका दाबून पाहिला, हात मागे घेतला आणि म्हणाला, "आबा, हे चावतं." वस्तू ज्यांच्यासाठी बनवली त्यांच्यातल्या एकाला तरी हात लावून पाहायला सांगितलं होतं का, देव जाणे.

सुनेने मंगळबाजारातून साधी पांढरी मलमल आणली. खळ जाईपर्यंत ती धुतली, कारण नव्या कापडाचा कडकपणा आणि वास दोन्ही त्याला चालत नाहीत. मग कोपऱ्यावरच्या शिंपीकाकांकडून खोळ शिवून घेतली. दोन गोष्टी बजावून सांगितल्या होत्या. एक, शिवणी बाहेरच्या अंगाला घ्या, आतली बाजू सपाट हवी. काकांनी दोनदा विचारलं, "उलटी खोळ?" हो, उलटीच. दुसरं, चारही कोपऱ्यांना आणि प्रत्येक कडेच्या मध्यावर नाड्या लावा, म्हणजे खोळीत पांघरूण गोळा होत नाही. दिसायला खोळ गबाळी आहे. नातू मात्र तिच्यात बिनतक्रार शिरतो.

शिवणीचं विक्रेत्याला श्रेय देतो. आत हातभर लांबीचे कप्पे नाहीत, चार-पाच इंचांचे चौकोन आहेत आणि दुहेरी टीप आहे. एका कोपऱ्याला धरून उभं लटकवलं तरी मणी सगळे खाली धावत नाहीत. घेताना हे नक्की पाहा. चौकोन मोठे असतील तर वजन रात्रीतून एका कुशीला जमतं आणि दुसरीकडे नुसतं कापड उरतं.

वजन किती हवं? मुलाच्या वजनाच्या साधारण दहा टक्के, असा ढोबळ हिशेब सांगतात. आमचा पठ्ठ्या २१ किलोचा, म्हणजे २.१. खोळ धरून आमचं पांघरूण त्याच्या आसपासच जातं, तेव्हा कमी भरलेलं वजन पथ्यावर पडलं म्हणायचं. यात विक्रेत्याची काही पुण्याई नाही.

गुण आला का? झोपताना आला. दिवा मालवल्यावरची तासभराची उलथापालथ कमी झाली, पाठीवर पडून छातीपर्यंत ओढून घेतो आणि गोष्ट ऐकता ऐकता निवतो. गृहपाठाला बसताना घडी करून मांडीवर ठेवतो, तेव्हा खुर्चीवर टिकतो. रात्री मध्येच उठणं होतं तसंच आहे. ब्रिटनमध्ये ऑटिझम असलेल्या ५ ते १६ वर्षांच्या मुलांवर याची चाचणी झाली, २०१४ साली 'पीडिअॅट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. वजनाच्या आणि साध्या पांघरुणात एकूण झोपेत फरक सापडला नाही, पण मुलांनी आणि पालकांनी पसंती दिली ती वजनाच्यालाच. आमच्या घरचा अनुभव याहून फार वेगळा नाही. झोप वाढेल या आशेने घेणार असाल तर घेऊ नका.

सगळ्यात आधी तपासायचं ते आता सांगतो: पांघरूण मुलाला स्वतःहून काढून टाकता येतं का. टेंपल ग्रँडिन या ऑटिझम असलेल्या अमेरिकन पशुशास्त्रज्ञ. १९६०च्या दशकात, तरुण असताना, लस टोचताना गुरांना दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारा पिंजरा त्यांनी पाहिला आणि स्वतःसाठी तसं दाब देणारं यंत्र बनवलं. दाब किती आणि कधी थांबवायचा, हे आत बसलेल्या माणसाच्या हातात. इथेच सगळं येतं. २००८ मध्ये कॅनडातल्या क्वेबेकमध्ये नऊ वर्षांचा मुलगा शाळेत वजनाच्या पांघरुणात गुंडाळला गेला आणि दगावला. म्हणून आमच्याकडे आधी दिवसाढवळ्या तालीम झाली. पांघरायचं त्याने, लाथेने उडवायचंही त्यानेच. जमलं, मग रात्रीची परवानगी. डोक्यावरून घ्यायचं नाही, कुणी त्याला गुंडाळायचं नाही, आणि शिक्षा म्हणून तर कधीच नाही. शेजारच्या बेन आठ महिन्यांच्या नातीसाठी मागायला आल्या होत्या, स्वच्छ नाही म्हटलं. तान्ह्यांना वजनाचं पांघरूण नको, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये बजावलं आहे.

आवाजावर याचा काही इलाज नाही. नवरात्रात मध्यरात्रीपर्यंत गरब्याचे स्पीकर आणि उत्तरायणला (संक्रांतीला) गच्चीगच्चीवर गाणी, तेव्हा हे पांघरूण कपाटात असलं काय आणि अंगावर असलं काय. धुणं सोपं आहे, कारण खोळ तेवढी मशीनमध्ये जाते. आतलं ओलं झालं तर दोरीवर टाकू नका, टाके ओढले जातात. गच्चीवर चादर अंथरून आडवं वाळवा आणि आत आणल्यावर गार होऊ द्या, काच बरीच तापलेली असते.

पाचपैकी तीन. अर्धा ठिपक्यांचा कापला, बाकीचे दीड वजनाच्या थापेचे. नातू वाढतोय, पुढचं घेऊ ते तीन किलोचं, सुती आणि बिनठिपक्यांचं. विक्रेता दुसरा. आल्यावर आधी काट्याला लावणार.