वाकरस्ट्रूमला चंडोल पाहायचे तर गाईड घ्यावा का?

घ्यावा. आणि अर्ध्या दिवसाचा नाही, दोन सकाळींचा घ्यावा. का ते सांगतो.

वाकरस्ट्रूम हे दक्षिण आफ्रिकेच्या म्पुमलांगा प्रांतातलं छोटं गाव आहे. फोल्क्सरुस्टपासून पूर्वेला २७ किलोमीटर, जोहान्सबर्गहून गाडीने साधारण साडेतीन तास. उंची १७५० मीटरच्या आसपास. गावाला लागून मोठी पाणथळ जागा आहे, बहुतेक पर्यटक तिच्यासाठी येतात. पण खरा ऐवज गावाबाहेरच्या गवताळ माळांवर आहे: रडचा चंडोल (Rudd's Lark) आणि बोथाचा चंडोल (Botha's Lark). जगात चंडोलांच्या सुमारे १०० जाती, त्यातल्या बहुसंख्य आफ्रिकेत. त्यातही हे दोन अगदी आखूड पट्ट्यात उरलेले आणि जागतिक पातळीवर धोक्यात आलेले. बर्डलाइफ साउथ आफ्रिका या पक्षीसंवर्धन संस्थेचं केंद्र या गावात आहे आणि स्थानिक लोकांना पक्षी-मार्गदर्शक म्हणून तयार करण्याचं मोठं काम तिथून झालं. हे परीक्षण अशाच स्थानिक गाईडसोबतच्या सकाळच्या फेरीचं आहे.

आधी तारीख, कारण बुकिंगमधली सगळ्यात महागडी चूक तिथेच होते. आपल्याकडे सुट्टी म्हणजे मे महिना. मे ते ऑगस्ट तिथे हिवाळा असतो, माळावर हिव पडतं, गवत वाळून पिवळं होतं. रडचा चंडोल तेव्हाही तिथेच असतो, पण गात नाही, आणि न गाणारा रडचा चंडोल म्हणजे मातीच्या रंगाचं ढेकूळ. गाण्याचा आणि विणीचा काळ म्हणजे तिथला पावसाळी उन्हाळा, ऑक्टोबरपासून पुढे. दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत गेलात तर बरोबर जमतं. डिसेंबरात सूर्य पाचच्या सुमारास उगवतो, म्हणून गाईड साडेचारला निघू म्हणाला तर घासाघीस करू नका. नऊनंतर तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरायला लागते, दुर्बिणीतून पिसांचा तपशील दिसेनासा होतो आणि दुपारी बहुधा गडगडाटी पाऊस येतो, कधी गाराही. कामाचे तास म्हणजे पहिले चार.

गाईडच्या पैशांचं मोल दोन ठिकाणी वसूल होतं. एक म्हणजे परवानगी. माळ खाजगी शेतमालकांचे आहेत. कुठल्या फाटकातून जायचं, कोणाला फोन करायचा हे त्याला माहीत असतं. (फाटक उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद; हा नियम मोडला की पुढच्या माणसाचा रस्ता बंद होतो.) आणि दुसरं म्हणजे गवत वाचणं. बाहेरून सगळा माळ सारखाच दिसतो, पण चंडोलांना तो सारखा नसतो. रडच्या चंडोलाला माथ्यावरचं, सपाट किंवा हलक्या उताराचं, आखूड पण दाट गवत लागतं: घोट्यापर्यंत येणारं, चरलेलं किंवा जाळून पुन्हा फुटलेलं, अधूनमधून रुंद पानांची छोटी झुडपं असलेलं. गुडघाभर वाढलेल्या गवतातून तो उठून जातो. बोथाचा चंडोल त्याहून उघड्या जमिनीवरचा, जिथे गुरामेंढरांनी गवत अगदी भुईसपाट केलंय आणि खाली काळी चिकणमाती आहे तिथला. सासवड-जेजुरीच्या माळांवर हिंडलेल्यांना चराई म्हणजे नुकसान असं वाटण्याची सवय असते. इथे बेताची चराई थांबली तर पक्षीही जातो. माळ नांगरून मका लावणं, पाइन-निलगिरीची लागवड करणं आणि कोळशाच्या खाणी ही त्यांच्यावरची खरी संकटं. चांगला गाईड गाडी थांबवण्याआधीच सांगतो की हा तुकडा बोथाचा, तो वरचा रडचा. हे सांगता आलं नाही तर तो फक्त ड्रायव्हर आहे.

रडचा चंडोल आधी कानाने शोधायचा. तीन-चार स्वरांची स्वच्छ शिट्टी, पुन्हा पुन्हा तीच. मग वर बघायचं. नर इतका उंच गेलेला असतो की नुसत्या डोळ्यांना ठिपका दिसतो, वाऱ्यासमोर संथ पंख मारत घिरट्या घालतो आणि बराच वेळ खाली यायचं नाव घेत नाही. इथे नवख्यांची चूक ठरलेली: सगळे आकाशातला ठिपका बघत बसतात. गाईडने आम्हाला जागचं हलू दिलं नाही, आणि ते योग्यच होतं. गाणं थांबलं की तो सरळ खाली कोसळतो, उतरल्या जागी राहत नाही, गवतातून पळत पुढे जातो. म्हणून एकाने ठिपक्यावर नजर ठेवायची आणि दुसऱ्याने टेलिस्कोप आधीच जमिनीच्या पातळीवर लावून ठेवायचा. गवतातून मान वर काढून तो ताठ उभा राहिला की ओळख पटते: धडाच्या मानाने मोठं डोकं, बारीक मान, डोक्याच्या मधोमध फिकट पट्टा आणि कोणीतरी कापल्यासारखी आखूड, अरुंद शेपटी. टेलिस्कोप २५ ते ३० पटीवर ठेवा. ६० पटीवर नेलात तर हवेची थरथरच मोठी होते.

आता गाईडची खरी परीक्षा. तो रेकॉर्ड केलेली शिट्टी वाजवतो का? आमच्या गाईडने एकदाही वाजवली नाही, आणि माझ्या दृष्टीने पाचपैकी साडेचार गुण तिथेच ठरले. रडच्या चंडोलाचं घरटं जमिनीवर असतं: गवताच्या बुंध्याशी वाळक्या काड्यांची वाटी, वरून घुमटासारखं छत आणि बाजूने दार. दोन फुटांवरून ते दिसत नाही, म्हणजे पायाखाली आलं तरी कळत नाही. वाजवलेल्या आवाजाने नर आपलं काम सोडून खोट्या प्रतिस्पर्ध्यामागे लागतो. माणसं घोळका करून गवत तुडवतात आणि त्यांच्या पायवाटेवरून मुंगूस, साप यांना माग मिळण्याचा धोका वाढतो. अशी घरटी शिकाऱ्यांच्या तोंडी फार मोठ्या प्रमाणात जातात. पिल्लंही उडता येण्याआधीच घरटं सोडून गवतात पांगतात, तेव्हा घरटं रिकामं दिसलं म्हणून निर्धास्त चालणंही चूकच. चोचीत किडा धरून एखादा पक्षी एकाच जागी अस्वस्थ फिरतोय, उतरत नाहीये, तर तुम्ही घरट्याच्या फार जवळ आहात. आल्या वाटेने, एका रांगेत, मागे व्हा.

बोथाचा चंडोल अवघड, आणि दुसरी सकाळ त्याच्यासाठीच हवी. तो रडच्या चंडोलासारखं लांबलचक हवाई गाणं गात नाही, त्यामुळे ठिकाण कळलं तरी पक्षी शोधावाच लागतो. वाकरस्ट्रूम ते आमर्सफोर्टच्या बाजूला, डाखाक्रालच्या परिसरात त्याच्या ओळखीच्या जागा आहेत. गोंधळ होतो गुलाबी चोचीच्या चंडोलाशी, कारण गुलाबी चोच दोघांचीही. बोथाची चोच सडपातळ, पोट पांढरट आणि कुशीवर रेघा. दुसऱ्याची चोच जाड, शंकूसारखी, पोट तांबूस-पिवळसर आणि कुशी कोऱ्या. घाईत ‘मिळाला’ म्हणून यादीत खूण करणारे बरेच जण प्रत्यक्षात दुसराच पक्षी पाहून घरी जातात.

उणिवाही सांगायला हव्यात. टेलिस्कोप गाईडकडे असेलच असं धरू नका, फोनवर विचारून घ्या. गाईड बहुधा तुमच्याच गाडीत बसतो, तेव्हा पुढची सीट मोकळी ठेवा आणि गाडी जमिनीपासून उंच असलेली घ्या. काळ्या मातीचा रस्ता पावसानंतर साबणासारखा होतो. आदल्या संध्याकाळी पाऊस झाला असेल तर बोथाची सकाळ एक दिवस पुढे ढकला. आमच्या फेरीत सात जण एकत्र घेतले होते, हे जास्त झालं. चारच्या वर माणसं असली की शेवटच्याला पक्षी दिसेपर्यंत तो पळालेला असतो. दर माणशी आहे की फेरीचा एकूण, हेही आधीच ठरवा. गवतात गोचिडी असतात आणि त्यांच्यापासून ताप येतो. पॅन्ट मोज्यात खोचा, परतल्यावर गुडघ्यामागे आणि कमरेशी तपासा.

याच फेरीत आणखी चार-पाच चंडोल सहज होतात. टाळ्या वाजवणारा पूर्वेकडचा क्लॅपर चंडोल चुकवू नका: वर चढताना पंखांचा फडफडाट, मग लांब शिट्टी मारत घसरण. काटेरी टाचेचा चंडोल छोट्या टोळीत ताठ उभा असतो. लाल टोपीचा तर रस्त्याकडेलाच. त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. केनियात विषुववृत्ताजवळ, किनांगोप आणि केडोंगच्या माळांवर याच जातीचा अभ्यास झाला, तेव्हा घरटी वर्षभर सापडली, आणि पाऊस, तापमान किंवा किड्यांची मुबलकता यांवरून विणीची वेळ सांगता आली नाही. म्हणजे केनियाच्या सहलीला तारखेची एवढी चिंता नाही. वाकरस्ट्रूमला मात्र आहे.

इथून पुढे कारू किंवा नामिबला जाणार असाल तर गवताचं हे गणित मागे राहतं. कोरड्या भागातले चंडोल घरटं बहुधा झुडपाच्या किंवा दगडाच्या दक्षिण अंगाला करतात, कारण तिथे दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो आणि सावली दक्षिणेला पडते. फोटोसाठी त्याच सावलीत बसायचा मोह होतो. बसण्याआधी खाली बघा.