स्लीपग्राफ, आठ महिने वापरून: अकरा सेकंदांचा छडा

स्लीपग्राफ म्हणजे लॅपटॉप झोपून उठायला किती वेळ घेतो ते मोजणारा लिनक्सवरचा प्रोग्रॅम. आधी रडगाणं, मग परीक्षण. लॅपटॉप नागपुरातून घेतलेला, जुना, दुरुस्त करून विकलेला, साडेसतरा हजारांचा. हिंगणघाटजवळच्या आमच्या गावात माझं ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान आहे. लाईन कधी जाईल नेम नाही, इन्व्हर्टर म्हातारा झालेला. म्हणून गिऱ्हाईक गेलं की झाकण लावायचं, दुसरं आलं की उघडायचं. दिवसातून तीस-चाळीस वेळा तरी.

दिवाळीनंतर एक खोड लागली. झाकण उघडलं की स्क्रीन लगेच उजळायची, पण कर्सर ढिम्म. मोजून अकरा सेकंद. सातबारा काढायला आलेले काकाजी एकदा म्हणाले, "काऊन रे बाबू, उठत नाही का तुयं मशीन?" रोजच अकरा लागले असते तर सवय झाली असती. पण मधूनच बेटा एका सेकंदात उठायचा, त्याचाच राग यायचा.

ज्याच्याकडून घेतला त्याला फोन केला. न बघताच निदान: मदरबोर्ड गेला, साडेसहा हजार, घेऊन या. म्हणजे जवळजवळ क्विंटलभर कापूस! वर एसटीचं भाडं आणि एक दिवस दुकान बंद. म्हटलं, राहू द्या, मीच बघतो.

पहिला प्रयोग फसला. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे; त्याच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, पीएम-ट्रेस नावाची सोय आहे. जागं होताना मशीन कुठे अडकलं याची खूण ती लॅपटॉपच्या घड्याळातच लिहून ठेवते, कारण रीबूट झाल्यावर टिकेल अशी दुसरी जागा मिळत नाही. साहजिकच घड्याळाची वाट लागते. कागदपत्रांत तसा इशारा दिलेला आहे, मी तो नंतर वाचला. त्या दिवशी नेट नव्हतं, त्यामुळे वेळ आपोआप सुधारली नाही आणि एका बाईंच्या पावतीवर भलत्याच वर्षाची तारीख छापली गेली. शिवाय ती सोय मशीन पार लटकत असेल तेव्हाची. माझं लटकत नव्हतं, आळस देत होतं.

मग स्लीपग्राफ घेतला. इंटेलच्या टॉड ब्रँट यांनी लिहिलेला, पायथनमधला, फुकट. कर्नलच्या सोर्समध्येच पॉवरच्या टूल्समध्ये मिळतो. रूट होऊन, म्हणजे मशीनचे सगळे अधिकार घेऊन चालवायचा. तो मशीन झोपवतो, उठवतो आणि कर्नलच्या एफट्रेस व डीमेसेज या नोंदवह्यांवरून एक एचटीएमएल तक्ता काढून देतो. कोणत्या डिव्हाइसला किती मिलिसेकंद लागले त्याच्या रंगीत पट्ट्या.

पहिल्या महिन्याचं माझं मत: निरुपयोगी. वीस वेळा चालवला, वीसही वेळा ०.९ सेकंदाच्या आसपास. यूएसबी, ग्राफिक्स, कीबोर्ड, सगळे शहाण्या पोरांसारखे उठलेले. आणि तक्ता बंद करून झाकण लावून उघडलं की पुन्हा अकरा! तेव्हा हे परीक्षण लिहिलं असतं तर एकच तारा दिला असता.

गोम १५ या आकड्यात होती. स्लीपग्राफ आपणहून १५ सेकंदांचा गजर लावतो आणि गजर झाला की मशीन उठतं. झाकण उघडंच राहतं! माझं दुखणं झाकणात, आणि मी महिनाभर झाकण न हलवता तपासणी करत होतो. ही माझी एकमेव पण मोठी तक्रार: गजर लावून तपासणं म्हणजे खऱ्या वापरासारखं तपासणं नव्हे, हे पहिल्याच ओळीत ठळक सांगायला हवं होतं. गजर बंद करायचा पर्याय आहे, हेल्पच्या यादीत. मला तो डिसेंबरात सापडला.

गजर बंद केला, मशीन झोपल्यावर झाकण लावलं, उघडलं. तक्त्यात रिझ्यूमच्या, म्हणजे जागं होण्याच्या टप्प्यात एकच पट्टी गावच्या वेशीपर्यंत लांब: यूएसबी १-७. बाजूच्या डीमेसेजच्या फाइलमध्ये "डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड/६४, एरर -११०", दोनदा. ११० म्हणजे उत्तराची वाट पाहून कंटाळलो. अशा वेळी कर्नल ५ सेकंद थांबतं, म्हणून दोन खेपांचे १०. डिव्हाइसं एकाच वेळी उठवता येतात हे खरं, पण सगळ्यांचं आटोपल्याशिवाय कर्नल झोपताना गोठवलेले प्रोग्रॅम सोडत नाही. पंगतीतला एक जण अजून हात धुतोय म्हणून सगळ्यांचा भात थांबलेला, तसं. स्क्रीन उजळूनही कर्सर का हलत नव्हता ते तेव्हा कळलं.

१-७ म्हणजे कॅमेरा. बायोसमधून, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमधून बंद केला, १ सेकंद. मदरबोर्डाला काही झालं नव्हतं! पण पोरीच्या ऑनलाईन शिकवणीला कॅमेरा लागतो, म्हणून शेवटी स्क्रीनची चौकट उचकटली. बिजागरीपाशी कॅमेऱ्याच्या वायरीचं वरचं आवरण घासून गेलेलं, आत तांबं चमकत होतं. झाकण अर्धं असताना वायर ताणली जायची, पूर्ण उघडलं की सैल. म्हणून कधी एक, कधी अकरा. तिथे टेप गुंडाळली.

आता मत बदललंय, चार तारे. पाचवा त्या १५ सेकंदांनी खाल्ला, तो मी देणार नाही. तक्ता मोबाइलवर बघायला नकोसा होतो, तेवढं चालतं.

अपडेट, जून: पेरणीच्या गर्दीत परत अकरा सेकंद. तक्ता काढला, पुन्हा १-७. लॅपटॉपवाल्या दुकानदाराला फोटो पाठवला, तर नव्या केबलचा भाव आला: ९००. मोटार रिवाइंडिंगवाल्या भाऊंकडून वीतभर टेप आणली आणि बिजागरीपाशी दोन वेढे जास्त दिले. काल संध्याकाळी ०.९४.