पोलो जीटीला सेकंडहँड केडब्ल्यू व्ही१ कॉइलओव्हर: सोलापूरच्या रस्त्यांवर कसे वागतात

गाडी २०१४ ची पोलो जीटी टीएसआय. १.२ लिटर टर्बो, १०५ पीएस, सात गिअरचा डीएसजी ऑटोमॅटिक. हिला स्पोर्ट्स कार म्हटलं की काही जण नाक मुरडतात. मुरडू देत, जुळे सोलापुरात माझ्या दारात तीच उभी आहे. मूळ शॉकअप पार दमले होते. बार्शी रोडला काळ्या मातीनं डांबराच्या लाटा केल्यात. माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरचा रस्ताही तिच्यासोबत वाकतो. तिथं ऐंशीच्या स्पीडला गाडी एका लाटेवरून सावरायच्या आत दुसरी येऊन उभी राहायची.

बजेट साठ हजार, फिटिंग आणि अलाइनमेंट धरून. मूळ शॉकअपवर नुसत्या आखूड स्प्रिंगा टाकायचा सल्ला फुकटात खूप जणांनी दिला. पण आधीच थकलेला शॉकअप आणखी खाली दबून काम करायला लागला की महिन्यांतच तेल सोडतो. ते सोडून दिलं.

मग राहिले कॉइलओव्हर, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअपचा एकत्र जुळवलेला सेट, ज्याची उंची कमी-जास्त करता येते. या पैशात पहिल्यांदा समोर येतात ती तैवानी-जपानी किट. बीसी रेसिंगच्या बीआरला डॅम्पिंगचे (शॉकअप स्प्रिंगची उसळी किती आवरतो त्याचे) ३० क्लिक, टाइनच्या फ्लेक्स झेडला १६. विकणारा भाऊ फोनवर क्लिकच मोजून दाखवतो. नॉब फिरवायला मजा येते, नाही म्हणत नाही. पण एकच नॉब असला की त्यानं मुख्यतः स्प्रिंग परत येण्याचा वेग बदलतो, दबण्याचा थोडाफार. दोन्ही वेगवेगळं जमवता येत नाही. आणि स्प्रिंग आहे तीच राहते. मला दाखवलेल्या एका किटच्या पुढच्या स्प्रिंगा सहा किलोच्या होत्या, म्हणजे एक मिलिमीटर दाबायला सहा किलो वजन. ट्रॅकवर झकास. आपल्याकडे सात रस्त्यापासून आसरा चौकापर्यंत जाताना तोंडातलं पान बाहेर येईल. शिवाय अशा बऱ्याच किटमध्ये वरचं माउंट रबराऐवजी पिलोबॉलचं, म्हणजे धातूच्या गोळ्याचं असतं. स्टिअरिंग चोख लागतं, पण अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीची धूळ त्यात शिरली की टकटक सुरू.

एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूनं सांगायला हवी, जी विकणारे सांगतच नाहीत. बीआरसारख्या किटमध्ये खालचा ब्रॅकेट वेगळा फिरतो, त्यामुळे उंची कमी केली तरी शॉकअपची दांडी मोकळी किती हलणार ते बदलत नाही. मी शेवटी घेतलेल्या केडब्ल्यू कंपनीच्या व्ही१ मध्ये उंची बदलते ती स्प्रिंगखालची रिंग फिरवून. जितकी गाडी खाली, तितकी दबायला जागा कमी. बंप स्टॉपवर, म्हणजे दांडीवरच्या शेवटच्या रबरी ठोकळ्यावर गाडी आदळायला लागली की महागडं सस्पेन्शन आणि बैलगाडी यात फरक उरत नाही. म्हणून किट कुठलंही घ्या, विचारायचं एकच: मला हव्या त्या उंचीला चाक वर जायला किती जागा शिल्लक राहते?

केडब्ल्यूमध्ये व्ही१ ला डॅम्पिंगचा नॉबच नाही, कारखान्यातच त्याच स्प्रिंगला जुळवून दिलेलं असतं. व्ही२ ला रिबाउंड (परत येणं) बदलता येतं, व्ही३ ला कॉम्प्रेशनही (दबणं). नवीन व्ही१ कस्टम ड्यूटी धरून मला लाखाच्या पुढं सांगितला. पुण्यात एकानं व्ही३ घेतला होता, त्याचा उतरवलेला व्ही१ अठ्ठेचाळीस हजारांत मिळाला. बघताना दांडीवर नख फिरवून ओरखडे तपासले, सीलभोवती तेलाचा ओलसरपणा बघितला, मग पुढचे दोन्ही शेजारी उभे करून हातानं दाबले. दोन्ही सारख्याच संथपणे वर आले पाहिजेत. एक भसकन आला आणि एक रेंगाळला, तर हात जोडून परत यायचं. आणि रिंगा फिरतात का ते तिथंच बघायचं. व्ही१ ची नळी स्टेनलेस असते, त्यामुळे गंजून अडकलेल्या नव्हत्या, फक्त आट्यांत माती होती. माती ब्रशनं काढल्याशिवाय रिंग फिरवायची नाही, आटे खराब होतात.

पोलोवाल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवा. मागं टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा आहे, स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. म्हणजे मागचा ‘कॉइलओव्हर’ नावापुरताच. उंची बदलते ती स्प्रिंगच्या बैठकीवरच्या ॲडजस्टरनं.

फिटिंग अक्कलकोट रोडवरच्या एका छोट्या गॅरेजात केलं, सहा हजार घेतले. पैसे वसूल. पुढचा स्ट्रट, म्हणजे स्प्रिंगसकट शॉकअप, हबच्या खाचेत घट्ट बसलेला असतो. ती फट उघडायला स्प्रेडर लागतो. मिस्त्रीकडे तो होता, म्हणून तिथं गेलो. हातोड्यानं उतरवतो म्हणणारे दोघं आधी भेटले होते. याचं दुसरं काम मला जास्त आवडलं. आर्मच्या बुशचे (सांध्यातल्या रबराचे) आणि मागच्या शॉकअपचे खालचे बोल्ट त्यानं जॅकवर आवळले नाहीत. चाकं लावली, गाडी फळ्यांवर टेकवली, दोन-तीनदा दाबून बसवली आणि मग खाली सरपटत जाऊन पाना मारला. म्हणाला, “मालक, हवेत आवळलं की बुश पिळलेला राहतो की ओ. सहा महिन्यांत फाटतो, आणि तुम्ही शिव्या मला घालता.”

उंची मूळपेक्षा जवळपास तीस मिलिमीटर खाली ठेवली. पोरं म्हणाली, अजून सोड, टायर झाकू दे. पण पुढच्या स्ट्रटच्या या मॅकफर्सन मांडणीत गाडी फार खाली घेतली की खालचे आर्म बाहेरच्या टोकाला वर चढतात, रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो) गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातो आणि वळणावर गाडी उलट जास्त कलू पाहते. दिसायला रेसर, वळायला टमटम. नंतर होटगी रोडला अलाइनमेंट केलं. या गाडीत जुळवायचा तो मुख्यतः टो, म्हणजे चाकांची पुढची बाजू किती आत-बाहेर वळलीय ते. हेडलाइटचा झोतही तेव्हाच बघून घ्या, तो गाडीसोबत हलतो.

आता कशी चालते? सावळेश्वर टोल ते टेंभुर्णी, लेन बदलताना गाडी एका झटक्यात बसते, मागून डुलत येत नाही. बार्शी रोडच्या लाटांवर एकदा वर, एकदा खाली, संपलं. हीच गोष्ट मला हवी होती. गावात कमी वेगाला मात्र कडक आहे, खोटं का बोलू. छोट्या खड्ड्याचा ठोका स्टिअरिंगपर्यंत येतो. कॉलनीतले घरगुती ब्रेकर तिरके घेऊनच ओलांडावे लागतात, पाच माणसं असली तर तरीही पोटाला घासतं. आईनं मागच्या सीटवर बसून विजापूर रोडपर्यंतचा प्रवास केला आणि उतरताना म्हणाली, “गाडी नवीन घेतली का रे? आधीची बरी होती.”

ऊस हंगामात ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्यांवरून रोज खेड्यात जाणं असेल, तर कंपनीचेच नवे शॉकअप टाका आणि उरलेल्या पैशांत चांगले टायर घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, ते वाचा आणि विमा कंपनीला आधी लेखी विचारा. व्ही१ घेणार असाल तर डस्ट बूट (दांडीवरचं धूळ अडवणारं आवरण) आणि बंप स्टॉप नवेच टाका, जुने घेऊ नका. माझ्या सेटच्या मागच्या दोन्हींचे तुकडे झालेले होते, ते पुण्याहून मागवेपर्यंत गाडी आठवडाभर गॅरेजातच होती.