झेनचा गिअरबॉक्स खोलून बांधला, पावसाळा काढला

गाडी 2005 ची मारुती झेन, पेट्रोल, पाच गिअरवाली. रोजचा रस्ता मुलुंड ते अंधेरी, म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर पहिला-दुसरा, पहिला-दुसरा हाच जप. गेल्या उन्हाळ्यात गिअरबॉक्स पूर्ण खोलून बांधून घेतला. त्यानंतर पावसाळा झाला, गणपतीला कोकणात जाऊन आलो, मुंबईत जी काही थंडी पडते तीही पडून गेली. म्हणून आत्ता लिहितोय. काम झाल्या झाल्या केलेल्या कौतुकाला अर्थ नसतो, कारण नवीन तेलावर कुठलाही गिअरबॉक्स थोडे दिवस गुणी वागतो.

तक्रार एकच होती. तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना खर्रकन आवाज. बाकीचे गिअर मुकाट पडायचे. दोन गॅरेजवाल्यांनी गाडी न चालवताच ‘क्लच प्लेट गेली’ म्हणून निकाल दिला. पण प्लेट संपली असती तर चढावर इंजिन नुसतंच ओरडलं असतं, गाडीने ओढ घेतली नसती. क्लच पूर्ण सुटत नसता तर सगळेच गिअर कुरकुरले असते, रिव्हर्स तर सगळ्यात आधी. एकाच गिअरला आवाज असेल तर संशय त्या गिअरच्या सिंक्रो रिंगवर घ्यायचा. दात एकमेकांत बसायच्या आधी दोन्ही भागांचा वेग सारखा करायचं काम ही पितळी रिंग करते, आणि आपल्या ट्रॅफिकमध्ये दुसऱ्या गिअरइतका कुणीच राबत नाही. न्यूट्रलमध्ये क्लच सोडून जराशी रेस दिली आणि परत दाबून दुसरा टाकला की तो गुपचूप पडायचा. म्हणजे रिंगचं काम माझा पाय करत होता!

शेवटी भांडुपच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. ते म्हणाले, “साहेब, आधी तेल बघू.” ट्रेमध्ये जुनं तेल काढलं आणि त्यात चुंबक फिरवलं. त्याला काळी, मऊ राड चिकटून आली. “हे चालायचंच, लोखंड घासणारच.” मग ट्रे उन्हात तिरका धरला. तेलात बारीक सोनेरी चमक तरंगत होती, आणि चुंबक जवळ नेलं तरी ती जागची हलेना. “हे पितळ. आणि तुकडा एकही नाही, म्हणजे दाते शाबूत आहेत.” एवढं निदान मला कुठल्याही एसी गॅरेजमध्ये मिळालं नव्हतं.

दुसरा मार्ग होता कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून काढलेला गिअरबॉक्स आणून बसवायचा. स्वस्त पडतो, काम एका दिवसात होतं, आणि बरेच लोक तेच करतात. मला ते पटलं नाही. तो गिअरबॉक्सही तितक्याच जुन्या गाडीतून निघालेला, त्याच्या रिंगा कुणी पाहिलेल्या नाहीत. झेन 2006 मध्येच बंद झाली, त्यामुळे पार्टसाठी ऑपेरा हाऊसच्या दुकानांत चकरा माराव्या लागल्या. बदललं ते असं: दुसऱ्या-तिसऱ्याच्या रिंगा, इनपुट शाफ्टचं (इंजिनाची फिरकी गिअरबॉक्सात आणणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग, सगळे ऑइल सील आणि क्लच सेट. क्लच अजून चालला असता, पण गिअरबॉक्स उतरवायची मजुरी पुन्हा कोण देणार? बेअरिंगचं लक्षण आधीच कळलेलं होतं. न्यूट्रलमध्ये उभी असताना घरघर आणि क्लच दाबला की बंद, तर इनपुट शाफ्टचं बेअरिंग. क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला तर रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं.

सगळं मिळून 16 हजारांच्या आसपास गेले. गाडी विकायला काढली तर किती येतील, हे घरच्यांनी विचारून झालंय.

तेलावरून मात्र दुकानदाराशी वाद झाला. जीएल-4, जीएल-5 हे गिअर तेलाचे दर्जे. तो जीएल-5 देत होता, ‘वरचा नंबर, चांगलं तेल’ म्हणून. जीएल-5 मध्ये जास्त दाबासाठी गंधक-फॉस्फरसचे घटक अधिक असतात आणि पितळेला ते मानवतीलच असं नाही. मी जीएल-4 घेतलं, 75डब्ल्यू-90 (हा तेलाच्या घट्टपणाचा नंबर). गाडी सपाट जागी उभी करून बाजूच्या भोकातून ओघळेपर्यंत भरायचं. याच तेलावर डिफरन्शियलही (वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) चालतं, त्यामुळे एक्सलच्या सीलमधून गळती असेल तर आधी ती थांबवा.

आता वापराचं. सुरुवातीचे काही आठवडे दुसरा गिअर जड होता. नव्या रिंगा बसायला वेळ घेतात, तेव्हा जोर लावायचा नाही. पुढे तो एका बोटाने पडायला लागला, आणि अंधेरीपर्यंत ट्रॅफिकमध्ये बसूनही तसाच राहिला. कशेडीच्या जुन्या घाटात उतारावर तिसऱ्यातून दुसऱ्यात आणून इंजिनावर गाडी रोखली, हूं की चूं नाही. पावसात कुर्ल्याला एलबीएस रोडवर पाण्यातून काढावी लागली होती. नंतर थोडं तेल काढून पाहिलं. पाणी शिरलं असतं तर ते दुधाळ झालं असतं, तसं नव्हतं. पावसाळ्यात क्लचचं पेडल जड वाटू लागलं, ते केबलमुळे. केबल बदलली, बोटभर ढील ठेवली, विषय संपला.

जे सुटलं नाही तेही सांगतो. पाचव्यात 80 च्या पुढे हलकी गुणगुण अजून आहे. रिव्हर्सला रडका आवाज येतो, पण त्याचे दाते सरळ असतात, तो यायचाच. त्याला सिंक्रोही नाही, त्यामुळे घाई केली की खरखरतो. आधी पहिला टाकून मग रिव्हर्स टाकला की शांत.

कुणी जुनी झेन बघायला जाणार असेल तर इंजिन गरम झाल्यावर चालवायला मागा. 40 च्या आसपास तिसऱ्यातून दुसऱ्यात या, मग दुसऱ्यात एकदम ॲक्सिलरेटर सोडून द्या. लिव्हर उडी मारून न्यूट्रलमध्ये आला तर प्रकरण रिंगेच्या पुढे गेलंय, मग भाव तसाच पाडून मागा.