पोस्टग्रेसमधली त्रिकोणमिती: नाशकातली अंतरं मोजताना

‘पंचवटीपासून ५ किमीतली दुकानं दाखवा’ अशा क्वेरीसाठी पोस्टग्रेस या डेटाबेसची साइन-कोसाइन फंक्शन्स भरवशाची आहेत, पण कोन रेडियनमध्येच द्यावा लागतो. नाशिकचा अक्षांश साधारण २०. अंश तसेच दिले तर कोसाइन ०.९४ ऐवजी ०.४१ येतो आणि सगळी अंतरं बिघडतात. त्यामुळे आधी अंशांचे रेडियन करणारं ‘रेडियन्स’ फंक्शन वापरा. ९.६ आवृत्तीपासून थेट अंश घेणारं ‘कॉसडी’ही आहे, ही सोय फार छान.

खरी अडचण ‘एकॉस’ची, म्हणजे अंतराच्या सूत्रात शेवटी कोसाइनवरून कोन काढणाऱ्या फंक्शनची. दोन्ही बिंदू एकच असले की दशांशाच्या बारीक चुकीमुळे आतली किंमत १ च्या किंचित वर जाते आणि अख्खी क्वेरी एररने थांबते. मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस इथे नल (रिकामी किंमत) देतो, म्हणजे ती ओळ निकालातून गुपचूप गळते! त्यापेक्षा थांबलेली क्वेरी बरी. आतली किंमत ‘लीस्ट’ने (सर्वात लहान किंमत निवडणारं फंक्शन) १ वर अडवा. जवळच्या अंतरांना हॅव्हरसाइन हे दुसरं सूत्र जास्त नेमकं. पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किमी धरा.

वेग मात्र सांभाळावा लागतो, कारण हे गणित प्रत्येक ओळीवर चालतं आणि साधा इंडेक्स उपयोगी पडत नाही. म्हणून आधी चौकट लावून जवळच्याच ओळी निवडा: नाशकात ५ किमी म्हणजे अक्षांशात सुमारे ०.०४५, रेखांशात ०.०४८ अंश. अक्षांश-रेखांशाच्या कॉलमवर इंडेक्स ठेवा, उरलेल्या ओळींवरच सूत्र चालवा. रोजचंच काम असेल तर पोस्टजीआयएस (पोस्टग्रेसचं भौगोलिक कामांसाठीचं एक्स्टेन्शन) घ्या. आणि हे हवाई अंतर आहे, गोदावरीवरच्या पुलांचा वळसा त्यात येत नाही.